घरच्या पीसीवरचा माइनक्राफ्ट सर्व्हर बाहेरच्या मित्रांना का सापडत नाही? राउटर, फायरवॉल आणि सीजीनॅट

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरच्या विंडोज पीसीवर माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीचा सर्व्हर चालू आहे. त्याच पीसीवरून आणि घरातल्या लॅपटॉपवरून तो जोडला जातो, पण बाहेरगावच्या मित्रांना ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ येतं. राउटरमध्ये २५५६५ पोर्ट फॉरवर्ड केलाय (म्हणजे या क्रमांकावर बाहेरून येणारी पॅकेटं पीसीकडे वळवायला सांगितलंय), फायरवॉल बंद करूनही पाहिला, फरक पडला नाही. आता डीएमझेड, म्हणजे बाहेरून येणारं सगळंच पीसीकडे वळवणारी राउटरची सेटिंग, चालू करावं का?

डीएमझेड चालू करू नका आणि फायरवॉल आधी परत चालू करा. भारतातल्या घरगुती फायबरवर ही लक्षणं दिसली की पहिला संशय सीजीनॅटवर (कंपनीने एकाच पब्लिक पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवण्यावर) घ्यायचा. तो असेल तर तुमच्या राउटरमधली कुठलीही सेटिंग, डीएमझेडसुद्धा, उपयोगाची नाही. त्यामुळे पोर्ट फॉरवर्डिंगला पुन्हा हात लावण्याआधी खालची दोन मिनिटांची तपासणी करा. तिच्या निकालावर पुढचा सगळा रस्ता ठरतो.

आधी वॅनचा पत्ता बघा

राउटरच्या पानावर लॉगिन करा (बहुतेक ठिकाणी १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१) आणि ‘स्टेटस’ किंवा ‘इंटरनेट’ या भागात वॅन आयपी (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) काय आहे ते लिहून घ्या. मग त्याच जोडणीवरून ब्राउझरमध्ये ‘व्हॉट इज माय आयपी’ शोधा आणि तिथे दिसणारा आयपीव्ही४ पत्ता लिहून घ्या. या वेळी पीसीवर व्हीपीएन चालू नको. दोन्ही पत्ते तंतोतंत सारखे असतील तर तुमच्याकडे खरा पब्लिक आयपी आहे आणि पोर्ट फॉरवर्डिंगने काम होईल.

दोन्ही वेगळे असतील तर वॅनच्या पत्त्याचे पहिले दोन आकडे बघा. १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान असतील तर तो सीजीनॅटच. पत्त्यांचा हा पट्टा २०१२ मध्ये नेमका याच कामासाठी राखून ठेवला गेला. १० ने सुरू होत असेल तरी बहुतेक वेळा तेच. स्थानिक केबलवाल्यांच्या जोडण्यांवर १० चा पट्टा बराच दिसतो. १९२.१६८ किंवा १७२.१६ ते १७२.३१ असेल तर तुमच्या राउटरच्या पुढे घरातच आणखी एक राउटर असण्याची शक्यता जास्त. बऱ्याचदा फायबर घेऊन येणारा कंपनीचा ओएनटी डबाच स्वतः राउटरचं काम करत असतो. तसं असेल तर त्या डब्याच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी बघा आणि हीच तुलना पुन्हा करा.

खात्री करायला आणखी एक सोपा उपाय आहे. कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘ट्रेसर्ट’ लिहा आणि पुढे ब्राउझरने दाखवलेला तुमचाच पब्लिक पत्ता द्या. एकाच टप्प्यात संपलं तर तो पत्ता तुमच्या राउटरचा आहे. वाटेत दोन-चार अनोळखी पत्ते लागले किंवा टप्पे नुसते तारांकित होत गेले, तर तो पत्ता कंपनीच्या यंत्राचा आहे आणि त्यामागे तुमच्यासारखी बरीच घरं आहेत.

हे होतं कारण आयपीव्ही४ पत्ते संपलेत. आपल्या आशिया-प्रशांत विभागाचा मोकळा साठा एप्रिल २०११ मध्येच शेवटच्या तुकड्यावर आला, त्यामुळे कंपन्या एकेका पब्लिक पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवतात. तुम्ही स्वतः बाहेर गेलात, म्हणजे एखादं पान उघडलंत, की कंपनीचं यंत्र ती नोंद ठेवतं आणि उत्तर बरोबर तुमच्याकडे पोचवतं. पण मित्राच्या पीसीकडून न बोलावता आलेलं पॅकेट कोणाच्या घरी द्यायचं, हे त्या यंत्राला माहीत नसतं. ते टाकून देतं. फ्लॅटचं दार सताड उघडं ठेवलं तरी सोसायटीचं फाटक बंद असेल तर पाहुणा वर येत नाही, तसाच हा प्रकार.

पब्लिक आयपी असेल तर: आतून बाहेर या

पहिलं, सर्व्हर खरंच ऐकतोय का ते बघा. सर्व्हर चालू ठेवून कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘नेटस्टॅट’ कमांड ‘-एएनओ’ या पर्यायासह चालवा आणि यादीत २५५६५ शोधा. ०.०.०.०:२५५६५ किंवा [::]:२५५६५ यापुढे ‘लिसनिंग’ दिसलं पाहिजे. १२७.०.०.१:२५५६५ दिसलं तर सर्व्हर फक्त स्वतःच्याच पीसीशी बोलतोय. दोष ‘सर्व्हर डॉट प्रॉपर्टीज’ या फाइलमधल्या ‘सर्व्हर-आयपी’ या ओळीत असतो. ती ओळ रिकामी ठेवायची. पुष्कळ लोक तिथे आपला पब्लिक आयपी लिहितात आणि मग सर्व्हर सुरूच होत नाही, ‘फेल्ड टू बाइंड टू पोर्ट’ म्हणतो. तो पत्ता पीसीचा नसून राउटरचा असतो, त्यामुळे पीसी त्यावर बसू शकत नाही. सर्व्हरची जुनी खिडकी मागे चालू राहिली असेल तरीही हाच संदेश येतो. नेटस्टॅटच्या शेवटच्या रकान्यातला प्रोसेस क्रमांक टास्क मॅनेजरमध्ये शोधला की कळतं.

खेळाच्या आतून ‘ओपन टू लॅन’ करून मित्रांना बोलावत असाल तर तो वेगळा प्रकार आहे. तिथे खेळ स्वतः एखादा पोर्ट निवडतो आणि तो दर वेळी बदलू शकतो. कायमच्या कामाला वेगळा सर्व्हरच हवा.

दुसरं, पीसीचा घरातला पत्ता पक्का करा. राउटरच्या डीएचसीपी (घरातल्या उपकरणांना पत्ते वाटणाऱ्या) भागात ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ असतं. काही राउटरवर त्यालाच ‘स्टॅटिक लीज’ किंवा ‘आयपी-मॅक बाइंडिंग’ म्हणतात. तिथे पीसीचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) आणि उदाहरणार्थ १९२.१६८.१.५० अशी जोडी नोंदवा. मॅक पत्ता ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ या कमांडने मिळतो. केबलचा आणि वायफायचा मॅक वेगळा असतो, त्यामुळे ज्या जोडणीवर सर्व्हर चालणार तिचाच घ्या. वायफायवर चालवणार असाल तर विंडोजमधला ‘रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेसेस’ हा पर्याय बंद ठेवा, नाहीतर रिझर्व्हेशनला काही अर्थ राहणार नाही. विंडोजमध्ये हाताने पत्ता लिहिण्यापेक्षा हे राउटरमध्ये केलेलं बरं. हाताने लिहिलेला पत्ता डीएचसीपीच्या पट्ट्यात पडला तर राउटर तोच पत्ता एखाद्या फोनला देऊन टाकतो, आणि मग कधी पीसी तर कधी फोन नेटवरून गायब होत राहतो.

फायरवॉल: जिथे सगळ्यात जास्त वेळ वाया जातो

सर्व्हर पहिल्यांदा चालवताना विंडोज एक खिडकी दाखवतं: जावाला नेटवर्कवर येऊ द्यायचं का? घाईत ती खिडकी ‘कॅन्सल’ केली की विंडोज नुसतं गप्प बसत नाही. त्या जावा प्रोग्रामसाठी ते अडवणारे नियम तयार करून ठेवतं, सहसा दोन, एक टीसीपीचा आणि एक यूडीपीचा (पॅकेट पाठवण्याच्या या दोन पद्धती). विंडोजच्या फायरवॉलमध्ये अडवणारा नियम परवानगीच्या नियमाला मात देतो. म्हणून नंतर तुम्ही २५५६५ साठी कितीही नीट परवानगी दिलीत तरी ती लागू होत नाही, आणि नियम तर बरोबर दिसतोय असं वाटत राहतं.

यावर इलाज असा. रनमध्ये ‘डब्ल्यूएफ डॉट एमएससी’ चालवा, डावीकडे ‘इनबाउंड रूल्स’ उघडा आणि नावावर क्रम लावून जावाच्या सगळ्या ओळी शोधा. लाल वर्तुळाचं चिन्ह असलेल्या ओळी काढून टाका. मग ‘न्यू रूल’, प्रकार ‘पोर्ट’, टीसीपी, २५५६५, ‘अलाउ’ असा नवीन नियम करा. प्रोग्रामचा नियम करण्यापेक्षा पोर्टचा केलेला बरा, कारण पीसीवर जावाच्या दोन-तीन आवृत्त्या वेगवेगळ्या फोल्डरमध्ये असतात आणि उद्या सर्व्हरला नवीन जावा लागली की प्रोग्रामचा नियम जुन्याच फोल्डरकडे बघत राहतो. शेवटच्या पायरीवर प्रोफाइल विचारतील. घरच्या जोडणीला विंडोजने ‘पब्लिक’ ठरवलेलं असतं आणि नियम फक्त ‘प्रायव्हेट’ला लावलेला असतो, असं फार वेळा दिसतं. सेटिंग्जमध्ये जाऊन घरची जोडणी ‘प्रायव्हेट’ करा.

अँटिव्हायरस विकत घेतलेला असेल तर बहुधा त्याचा स्वतःचा फायरवॉल असतो. मग विंडोजचा फायरवॉल बाजूला पडलेला असतो आणि परवानगी त्या अँटिव्हायरसमध्ये द्यावी लागते. ‘फायरवॉल बंद करून पाहिला’ असं म्हणताना नेमका कुठला बंद केला, हे म्हणूनच महत्त्वाचं आहे.

राउटर आणि ओएनटी

फॉरवर्डिंगच्या पानाचं नाव कंपनीनुसार बदलतं: ‘पोर्ट फॉरवर्डिंग’, ‘व्हर्च्युअल सर्व्हर’, ‘नॅट’. भरायचं एवढंच: बाहेरचा पोर्ट २५५६५, आतला पोर्ट २५५६५, प्रोटोकॉल टीसीपी, आतला पत्ता १९२.१६८.१.५०. ‘पोर्ट ट्रिगरिंग’ नावाचं पान दिसेल, ते हे नव्हे. ‘सोर्स आयपी’ किंवा ‘रिमोट होस्ट’ असा रकाना असेल तर रिकामा ठेवा. तिथे काही लिहिलं तर फक्त त्याच पत्त्यावरून येणाऱ्याला प्रवेश मिळतो.

कंपनीच्या ओएनटीवर एक खाच असते. तिथे वॅनच्या जोडण्या एकापेक्षा जास्त असू शकतात: एक इंटरनेटची, एक फोनच्या आवाजाची, एक कंपनीने डबा दुरून सांभाळण्यासाठी ठेवलेली टीआर०६९ ची. फॉरवर्डिंगच्या पानावर ‘वॅन नेम’ किंवा ‘इंटरफेस’ अशी निवड असेल तर नावात ‘इंटरनेट’ असलेलीच निवडा. पहिलीच निवडून पुढे गेलात तर नियम सेव्ह होतो, यादीत दिसतो, फक्त चालत नाही. ग्राहकाच्या लॉगिनला हे पानच दिसत नसेल तर कंपनीकडे मागणी करावी लागते.

ओएनटीपुढे स्वतःचा राउटर लावला असेल तर दोनदा नॅट (आतल्या आणि बाहेरच्या पत्त्यांची अदलाबदल) होतं आणि एका डब्यातला नियम पुरत नाही. सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे ओएनटी ब्रिज मोडमध्ये टाकून (त्याचं राउटरचं काम बंद करून) पीपीपीओईचं, म्हणजे कंपनीच्या जोडणीचं, लॉगिन स्वतःच्या राउटरवर करणं. यासाठी कंपनीकडून युजरनेम-पासवर्ड आणि बऱ्याच ठिकाणी व्हीलॅन क्रमांक लागतो. ते जमत नसेल तर उलटं करा: स्वतःचा राउटर ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ मोडमध्ये (फक्त वायफाय देणारा म्हणून) टाका आणि फॉरवर्डिंग ओएनटीवर करा. दोन्ही अशक्य असेल तर दोन ठिकाणी नियम लिहा, ओएनटीवर तुमच्या राउटरच्या वॅन पत्त्याकडे आणि राउटरवर पीसीकडे. अशा वेळी दोन्ही डब्यांचे आतले पट्टे वेगळे हवेत. दोघांचाही १९२.१६८.१ असेल तर राउटरला कुठलं पॅकेट कुठल्या बाजूला द्यायचं हेच कळत नाही.

तपासणी बाहेरूनच करा

घरातल्या वायफायवरून स्वतःचाच पब्लिक पत्ता टाकून बघू नका. अशा जोडणीला राउटरमध्ये ‘नॅट लूपबॅक’ लागतं आणि अनेक स्वस्त राउटरमध्ये ते नसतं. बाहेरच्यांना सगळं सुरळीत चालू असतं आणि तुम्हाला मात्र टाइम आउट दिसतो. घरातल्यांनी १९२.१६८.१.५० वापरायचं, आणि तपासणीसाठी लॅपटॉप फोनच्या मोबाइल डेटावर घ्यायचा. पोर्ट तपासणारी संकेतस्थळं चालतील, पण सर्व्हर चालू असेल तरच ती ‘ओपन’ दाखवतात, आणि यूडीपी पोर्टबद्दल ती जे सांगतात त्यावर भरवसा ठेवू नका.

संदेशांमध्ये फरक आहे, तो वाचायला शिका. ‘अननोन होस्ट’ म्हणजे नावावरून पत्ताच सापडला नाही. नाव चुकलंय किंवा डीएनएसची अडचण आहे. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे पॅकेट कुठल्यातरी यंत्रापर्यंत पोचलं आणि त्याने स्पष्ट नकार दिला. चुकीचा पोर्ट, बंद सर्व्हर किंवा राउटरने स्वतःच दिलेलं उत्तर. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे पॅकेट वाटेत कोणीतरी गिळलं. मात्र विंडोजचा फायरवॉल चालू असताना ज्या पोर्टवर कोणी ऐकत नाही तिथेही तो बाहेरच्याला नकार कळवत नाही, गप्प राहतो. त्यामुळे विंडोजवर सर्व्हर बंद असला तरी बाहेरून टाइम आउटच दिसू शकतो.

एवढं करूनही कोडं सुटत नसेल तर वायरशार्क (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारा प्रोग्राम) उतरवा. अंदाज बांधत बसण्यापेक्षा हे फार लवकर होतं. सर्व्हरच्या पीसीवर ते सुरू करा, गाळणीत टीसीपी पोर्ट २५५६५ घाला आणि मित्राला मोबाइल डेटावरून जोडायला सांगा. तीनपैकी एक दिसेल. काहीच आलं नाही, तर पॅकेट पीसीपर्यंत पोचतच नाही. दोष राउटरचा किंवा कंपनीचा, आणि पीसीवर काहीही बदलून उपयोग नाही. मित्राच्या पत्त्यावरून ‘सिन’ (जोडणीची विनंती) लिहिलेली ओळ थोड्या थोड्या अंतराने पुन्हा पुन्हा येतेय पण आपल्याकडून उत्तराची ओळ जात नाही, तर पीसीचा फायरवॉल अडवतोय. वायरशार्क पॅकेट फायरवॉलच्या आधी बघतो म्हणून ते तुम्हाला दिसतं तरी. आणि ‘सिन’ येतेय, आपली ‘सिन-अ‍ॅक’ही (होकार) जातेय, तरी मित्राची ‘सिन’ थांबत नाही, तर उत्तर परत पोचत नाहीये. पीसीवर विकतचा व्हीपीएन चालू असला की हे होतं: पॅकेट राउटरमधून आत येतं आणि उत्तर व्हीपीएनच्या बोगद्यातून भलतीकडेच निघून जातं.

पत्ता बदलत राहण्यावर डीडीएनएस, म्हणजे बदलत्या पत्त्याकडे नेणारं कायमचं नाव, हा उपाय. वीज गेली, राउटर बंद होऊन परत आला, की बहुतेक जोडण्यांवर नवीन पब्लिक पत्ता मिळतो. डकडीएनएस फुकट नाव देतं. नो-आयपीचंही फुकट नाव मिळतं, पण ते दर ३० दिवसांनी चालू ठेवायचंय असं कळवावं लागतं. राउटरमध्येच डीडीएनएसचा पर्याय असेल तर तो वापरा. एक मात्र लक्षात ठेवा, सीजीनॅटवर डीडीएनएसने काही साधत नाही. नाव बरोबर पत्त्याकडे जातं, फक्त तो पत्ता तुमचा नसतो.

सीजीनॅट निघाला तर

पहिला पर्याय, कंपनीला फोन करून पब्लिक आयपी मागा. ‘स्टॅटिक आयपी’ म्हटलं की महिन्याचे वेगळे पैसे सांगतात, काही जण तो फक्त व्यावसायिक प्लॅनवरच देतात. म्हणून आधी विचारा: ‘पब्लिक हवा, बदलता असला तरी चालेल.’ काही स्थानिक कंपन्या एवढं बोलण्यावर देतात. नंतर वॅनचा पत्ता पुन्हा जुळवून बघा. फोनवरच्या ‘झालंय’ या उत्तरावर थांबू नका.

दुसरा पर्याय आयपीव्ही६. भारतात याचा प्रसार मोठा आहे आणि पुष्कळ घरांमध्ये तो आधीच चालू असतो, कोणाला माहीत नसतं एवढंच. ‘आयपीकॉन्फिग’मध्ये २४०१, २४०५, २४०९ अशा २ ने सुरू होणाऱ्या आकड्यांचा आयपीव्ही६ पत्ता दिसला तर तो सरळ इंटरनेटवरून गाठता येतो. एफई८० ने सुरू होणारा नाही, तो घरापुरता. इथे नॅट नाही, त्यामुळे फॉरवर्डिंगही नाही. राउटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये त्या पीसीच्या पत्त्यासाठी टीसीपी २५५६५ ला आत येऊ द्यायचं, बस. कंपनीच्या काही डब्यांमध्ये असा एकेका पोर्टचा पर्यायच नसतो, सगळा आयपीव्ही६ फायरवॉल बंद करा किंवा चालू ठेवा एवढंच मिळतं. तसं असेल तर बंद करू नका. घरातला प्रत्येक टीव्ही आणि कॅमेरा उघडा पडतो. पुढच्या पर्यायाकडे वळा.

आयपीव्ही६ वर अडखळायला लावणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत. विंडोज ‘टेम्पररी’ नावाने दुसरा पत्ताही दाखवतं, तो काही काळाने बदलतो. मित्रांना टेम्पररी नसलेला द्या. नेटवरून उचललेल्या सुरू करण्याच्या ओळीत ‘प्रिफर आयपीव्ही४ स्टॅक’ हा जावाचा पर्याय ‘ट्रू’ लिहिलेला असेल तर सर्व्हर आयपीव्ही६ ऐकणारच नाही; तो काढा. खेळात पत्ता टाकताना तो चौकटी कंसात लिहायचा आणि पोर्ट कंसाबाहेर. डीडीएनएसच्या नावाला आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ अशा दोन्ही नोंदी असतील तर जावा आधी आयपीव्ही४ धरते आणि सीजीनॅटवर जाऊन आपटते, म्हणून त्या नावाला फक्त आयपीव्ही६ ची नोंद ठेवा. मित्राकडेही आयपीव्ही६ हवाच. ऑफिसच्या किंवा हॉस्टेलच्या नेटवर बऱ्याचदा नसतो.

तिसरा पर्याय बोगदा. तुमचा पीसी बाहेरच्या एका यंत्राशी स्वतःहून जोडणी करतो आणि मित्र त्या यंत्रामार्फत येतात. चार-पाच ओळखीचेच लोक असतील तर टेलस्केल किंवा झीरोटियर सगळ्यात कमी कटकटीचं. प्रत्येकाने ते बसवायचं आणि सर्व्हरच्या पीसीला तिथे मिळालेला पत्ता खेळात टाकायचा. टेलस्केलचे पत्तेही १००.६४ ते १००.१२७ याच पट्ट्यातले असतात, त्यामुळे ते बघून सीजीनॅट समजू नका. मित्रांनी काही बसवायला नको असेल तर प्लेइट डॉट जीजीसारखी सेवा आहे. ती फक्त तुमच्या पीसीवर चालते आणि मित्रांना एक साधं नाव मिळतं.

बोगदा कुठल्या शहरातून जातो याने खेळ बनतो किंवा बिघडतो. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते फ्रँकफर्ट सरळ रेषेत सुमारे ६,५०० किलोमीटर, म्हणजे जाऊन येऊन किमान ६५ मिलिसेकंद. प्रत्यक्षात समुद्राखालच्या केबल वळसे घेतात म्हणून त्याहून बरेच जास्त. तुम्ही नाशिकला आणि मित्र कोल्हापूरला असताना प्रत्येक ठोकळ्याचं तुटणं युरोपला जाऊन येत असेल तर ते जाणवणारच. त्यापेक्षा मुंबई किंवा बंगळूरुच्या डेटा सेंटरमध्ये सगळ्यात छोटा व्हीपीएस (आभासी सर्व्हर) भाड्याने घेऊन त्यावर वायरगार्ड (बोगदा बनवणारा प्रोग्राम) लावणं मला जास्त पटतं. सर्व्हर, नकाशा, मेमरी सगळं घरीच राहतं. व्हीपीएस फक्त पॅकेट पुढे ढकलतो, त्याला ५१२ मेगाबाइट मेमरीही पुरते.

व्हीपीएसवर वायरगार्डचा यूडीपी ५१८२० उघडा, कर्नलमध्ये आयपी फॉरवर्डिंग चालू करा आणि टीसीपी २५५६५ वर आलेलं पॅकेट बोगद्यातल्या घरच्या पत्त्याकडे, समजा १०.८.०.२ कडे, वळवणारा डीनॅट नियम लिहा. बोगद्याच्या बाजूला मास्करेड (पाठवणाऱ्याच्या जागी व्हीपीएसचाच पत्ता घालणारा नियम) लावा म्हणजे उत्तर त्याच वाटेने परत येईल. घरच्या बाजूला ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ २५ ठेवायला विसरू नका. बोगदा शांत राहिला की सीजीनॅटचं यंत्र आपली नोंद पुसतं आणि पहिल्या मित्राला दार बंद दिसतं. जोडणी होते पण जग उतरताना अडकते, असं झालं तर एमटीयूकडे (एका पॅकेटच्या कमाल आकाराकडे) बघा. वायरगार्डचा नेहमीचा १४२० असतो. पीपीपीओईवर तो १४१२ किंवा त्याहून खाली, अगदी १२८० पर्यंत आणून बघा. मास्करेडचा एक तोटा आहे: सर्व्हरच्या नोंदीत सगळे खेळाडू एकाच, बोगद्याच्या पत्त्यावरून आलेले दिसतात. मग एखाद्याचा आयपी बंद केला तर सगळेच बाहेर. नावावरून बंदी घाला, किंवा पेपर सर्व्हर (माइनक्राफ्ट सर्व्हरची एक वेगळी बांधणी) वापरत असाल तर व्हीपीएसवर एचएप्रॉक्सी (जोडण्या पुढे पाठवणारा प्रोग्राम) बसवून दोन्हीकडे ‘प्रॉक्सी प्रोटोकॉल’ चालू करा, म्हणजे खेळाडूचा खरा पत्ता सर्व्हरला कळतो.

जोडलं गेलं, पण अडकतंय

इथे डाउनलोडचा वेग बघायचा नसतो, अपलोडचा बघायचा. सर्व्हर मित्रांना जगाचे तुकडे पाठवत असतो आणि त्यांची संख्या ‘व्ह्यू-डिस्टन्स’वर वर्गाने वाढते. १० ठेवलं तर प्रत्येकाभोवती २१ गुणिले २१ म्हणजे ४४१ तुकडे, ६ ठेवलं तर १३ गुणिले १३ म्हणजे १६९. घरच्या सर्व्हरला ६ ते ८ पुरतं आणि फरक लगेच जाणवतो. दुसरं कारण घरातलंच असतं. कोणाचा तरी फोन फोटोंचा बॅकअप चढवायला लागला की अपलोडची रांग भरते आणि खेळाची छोटी पॅकेटं त्या रांगेत अडकतात. राउटरमध्ये एसक्यूएम किंवा क्यूओएस (ही रांग सांभाळणारी सोय) असेल तर अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ९० टक्क्यांवर लावा. मग रांग कंपनीच्या डब्यात न साचता तुमच्या राउटरच्या ताब्यात राहते. सर्व्हरचा पीसी केबलवर असू द्या.

उघडलेल्या पोर्टची काळजी

२५५६५ उघडा असलेले पत्ते शोधत फिरणारे बॉट सतत चालू असतात. पत्ता कोणाला दिला नाही तरी अनोळखी नावं नोंदीत येतील. ‘व्हाइट-लिस्ट’ आणि ‘एन्फोर्स-व्हाइटलिस्ट’ दोन्ही ‘ट्रू’ करा. ‘ऑनलाइन-मोड’ कधीही ‘फॉल्स’ करू नका. तसं केलं की तुमचं नाव टाकून कोणीही तुमच्या अधिकारांनिशी आत येऊ शकतो, आणि व्हाइटलिस्ट त्याला ओळखीचाच समजते. आरकॉनचा (सर्व्हरला दुरून आज्ञा देण्याचा) २५५७५ आणि रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ बाहेर उघडायचे नाहीत. राउटरचं पान इंटरनेटवरून उघडण्याची सोय बंद ठेवा, यूपीएनपीही (प्रोग्रामना स्वतःहून पोर्ट उघडू देणारी सोय) बंद करा. या सर्व्हरला त्याची गरज लागत नाही.

डीएमझेडला सुरुवातीलाच नाही म्हटलं ते यासाठी. ते चालू केलं की एका पोर्टऐवजी पीसीचे सगळेच पोर्ट बाहेरच्यांसमोर येतात. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे (नोंदी लिहिणारी जावाची लायब्ररी) मधली फट उघड झाली, तेव्हा नुसता गप्पांमध्ये एक मजकूर टाकून माइनक्राफ्टच्या सर्व्हरवर हवा तो कोड चालवता येत होता, दुरुस्ती १.१८.१ मध्ये आली. त्याआधीची, १.७ पासून पुढची जुनी आवृत्ती मॉडसाठी चालवत असाल तर मोजँगने (माइनक्राफ्ट बनवणाऱ्या कंपनीने) सांगितलेला बंदोबस्त केल्याशिवाय ती बाहेर उघडू नका. सर्व्हरला विंडोजमध्ये अ‍ॅडमिन नसलेलं वेगळं खातं द्या आणि ‘वर्ल्ड’ फोल्डरची प्रत रोज दुसऱ्या डिस्कवर जाऊ द्या.

दुसरा खेळ असेल तर पद्धत हीच, पोर्ट वेगळे. माइनक्राफ्ट बेडरॉकला यूडीपी १९१३२, टेरारियाला टीसीपी ७७७७, व्हॅलहाइमला यूडीपी २४५६ आणि २४५७. प्रोटोकॉल चुकवू नका: बेडरॉकसाठी टीसीपीचा नियम लिहिला तर राउटर तो मुकाट्याने सेव्ह करतो आणि एकही खेळाडू आत येत नाही.